शेकरूच्या शेपटीला वर्गमूळ : ड्वॉर्फ फोर्ट्रेसच्या मॉडमध्ये विशेष चिन्हांचे कोड कसे द्यायचे?

सोनकी

नमस्कार मंडळी. ड्वॉर्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्यांची वसाहत उभारायचा संगणकावरचा खेळ, खेळणारं इथे कुणी असेल तर मदत हवी आहे. माझ्याकडे जुनी ०.४७.०५ आवृत्ती आहे, म्हणजे चित्रं नसलेली, सगळं अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवणारी. तिच्यासाठी मी सह्याद्रीतल्या प्राण्यांचा छोटा मॉड (खेळात भर घालणाऱ्या फाइली) करते आहे. शेकरू, गवा, खवल्या मांजर, उदमांजर असे नऊ प्राणी आत्तापर्यंत झालेत.

खेळात नावं रोमन लिपीतच द्यावी लागतात, ते ठीक. पण शेकरूचा रू दीर्घ आहे हे दिसावं म्हणून मी शेवटच्या यू अक्षरावर टोपी (^) दिली. खेळात ते नाव "शेकर├╗" असं दिसलं. मग नोटपॅडमध्ये "सेव्ह अ‍ॅज" करून एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये कुठल्या आकड्यांनी साठवायची ती पद्धत) एएनएसआय केलं. आता "शेकर√" दिसतं. म्हणजे शेपटीच्या जागी वर्गमूळ!

दुसरी अडचण. नकाशावर शेकरूसाठी मला ⌠ हे चिन्ह हवं आहे, कारण ते अगदी झाडावर बसून शेपूट उभारल्यासारखं दिसतं. ते मी अवतरणात लिहिलं: [क्रीचर_टाइल:'⌠']. नकाशावर मात्र ग्रीक गॅमा फिरतो आहे. एएनएसआय केल्यावर तर नोटपॅडने त्याचं चक्क प्रश्नचिन्ह केलं.

(टोकन, म्हणजे खेळासाठीच्या या चौकटी कंसातल्या सूचना, इथे देवनागरीत लिहिते आहे. फाइलमध्ये अर्थातच रोमन मोठ्या अक्षरांत आहेत.)

कोड नेमका कुठला द्यायचा आणि कसा?

मध्यरात्र

आल्ट दाबून धरा, नंबरपॅडवर १५० टाका, आल्ट सोडा. टोपीवाला यू उमटेल. शेपटीसाठी आल्ट २४४. झालं काम.

सोनकी

@मध्यरात्र, तसंच टाकलं होतं हो. नोटपॅडमध्ये दोन्ही चिन्हं अगदी बरोबर दिसतात. बिघडतात ती खेळात गेल्यावर.

अनुस्वार

सोनकी, चिन्ह निवडण्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. घोळ सेव्ह करताना होतो आहे. जरा सविस्तर लिहितो.

हा खेळ कोड पेज ४३७ वापरतो. आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला तेव्हा त्यात जो अक्षरसंच होता, तोच. एकूण २५६ खाने, ० ते २५५. एक खाना, एक बाइट, एक चिन्ह. ☺ हा १, ♥ हा ३, ☼ हा १५, ≈ हा २४७. तुमचा टोपीवाला यू १५० आणि शेपूट २४४.

खेळ फाइल वाचतो तेव्हा त्याला अक्षरं दिसत नाहीत, बाइट दिसतात. प्रत्येक बाइटचा आकडा घेऊन तो त्या खान्यातलं चिन्ह काढतो. आता तुमची फाइल पाहू.

नोटपॅडने आधी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं. त्यात टोपीवाल्या यूचे दोन बाइट होतात, १९५ आणि १८७. कोड पेज ४३७ मध्ये १९५ म्हणजे ├ आणि १८७ म्हणजे ╗. बरोबर तेच तुम्हाला दिसलं.

मग तुम्ही एएनएसआय केलंत. ते म्हणजे विंडोज १२५२. त्यात हाच यू २५१ क्रमांकावर आहे. आणि ४३७ मध्ये २५१ वर कोण बसलंय? √.

गॅमाचंही तेच. ⌠ चे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात: २२६, १४०, १६०. त्यातल्या पहिल्या २२६ वर ४३७ मध्ये ग्रीक गॅमा आहे. विंडोज १२५२ मध्ये तर ⌠ मुळी नाहीच, म्हणून प्रश्नचिन्ह.

आल्ट कोडने पडद्यावर योग्य अक्षर येतं, पण फाइलमध्ये कुठला आकडा पडतो ते सेव्ह करताना ठरतं.

पाटी_पेन्सिल

अनुस्वार, इतकं स्वच्छ मी कुठेच वाचलं नव्हतं. वर्गमूळ कुठून आलं हे कळल्यावर फार बरं वाटलं.

एक शंका. मी २०१७ च्या आसपास असाच एक मॉड केला होता, तोही साध्या नोटपॅडमध्येच. तेव्हा हे ├ कधीच दिसलं नाही.

अनुस्वार

तेव्हा नोटपॅड न सांगता एएनएसआयमध्ये सेव्ह करत असे. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नव्या फाइलसाठी यूटीएफ-८ आलं. तुमच्याकडे त्या काळात ├ येणं शक्यच नव्हतं, वर्गमूळ आलं असतं. मात्राबित्रा नसलेली साधी रोमन अक्षरं वापरली असतील तर काहीच बिघडलं नसणार, कारण १२७ पर्यंतचे आकडे तिन्हीकडे सारखेच असतात.

पाटी_पेन्सिल

बरोबर, माझी नावं सगळी साधी होती.

तळघर

मी २००८ पासून हा खेळ खेळतो आहे. माझं म्हणणं एकच: टाइलसाठी, म्हणजे नकाशावरच्या चिन्हासाठी, चिन्ह टंकूच नका, आकडा द्या. [क्रीचर_टाइल:२४४]. अवतरण नाही, काही नाही. मग फाइल कशातही सेव्ह करा, आकडा आकडाच राहतो.

मूळ फाइलींतही तसंच आहे. साध्या अक्षरांना अवतरण, विशेष चिन्हांना आकडा. बुटक्याचं स्वतःचं चिन्ह ☺ आहे, पण फाइलमध्ये तिथे नुसता १ लिहिलेला दिसेल. सैनिक झाला की ☻, तिथे २.

शिवाय काही चिन्हं फाइलमध्ये टंकताच येत नाहीत. १० व्या खान्यात एक सुंदर चिन्ह आहे, ◙. पण फाइलमध्ये १० हा बाइट म्हणजे नवी ओळ. १३ मध्ये ♪ आहे, ते म्हणजे कॅरेज रिटर्न. २६ मध्ये → आहे, आणि डॉसच्या काळात २६ म्हणजे फाइल इथे संपली. अपूर्णविराम आणि चौकटी कंस तर टोकनच्या व्याकरणातच अडकलेले, त्यांना ५८, ९१ आणि ९३ असे आकडेच द्यावेत.

मध्यरात्र

मग नावातही १५० लिहिलं की झालं की!

तळघर

नाही. नावाच्या टोकनमध्ये १५० लिहिलंत तर प्राण्याचं नाव "शेकर१५०" होईल. आकड्याची सोय फक्त टाइलसाठी आहे. नाव हा मजकूर, तिथे खरोखर तो एक बाइटच पडायला हवा.

म्हणजे सोनकीच्या दोन अडचणींची औषधं वेगळी आहेत. शेपटीला आकडा. रूला योग्य एन्कोडिंग.

सांजवेळ

इतका खटाटोप कशाला? ६ डिसेंबर २०२२ ला स्टीमवर चित्रांची आवृत्ती आली आहे. ती घ्या, शेकरूचं खरं चित्र काढा, नावात साधा यू लिहा. अक्षरांच्या या जुन्या भानगडीत आता कोण पडतं?

सोनकी

@सांजवेळ, मला अक्षरांचाच खेळ आवडतो. पडद्यावर नुसती ♣ आणि ♠ असतात आणि मला भीमाशंकरचं रान दिसतं. त्यातून एक ⌠ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलं की पुरे. चित्र दिलं तर ते चित्रच दिसतं.

आणि रू ऱ्हस्व करायला मन होत नाही. राज्यप्राणी आहे तो आपला.

तळघर

सांजवेळ, स्टीमच्या आवृत्तीतही मजकूर ४३७ मधूनच येतो. प्राण्याला चित्र मिळेल, पण नाव, अनाउन्समेंट, वस्तूंची वर्णनं सगळी त्याच २५६ खान्यांतली. वर्गमूळ तिथेही भेटायला येईल.

सांजवेळ

असं होय. मग माझा मुद्दा निम्मा बाद. निम्मा अजून शाबूत आहे.

रानवाट

शेकरूंचा विषय निघाला म्हणून. मागच्या मे महिन्यात भीमाशंकरला गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर पाहिलं. आधी आवाज आला, मग पानं हलली, मग फक्त शेपटी दिसली. अंग पानाआड होतं. सोनकी, तुमचं ⌠ अगदी पटलं. एकेका शेकरूची बरीच घरटी असतात आणि ते जमिनीवर क्वचितच उतरतं, ते मॉडमध्ये जमेल का बघा.

खेळाबद्दल मला ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतो आहे.

अनुस्वार

आता रूचं औषध. तीन वाटा सांगतो.

नोटपॅड प्लस प्लस असेल तर एन्कोडिंगच्या यादीत कॅरॅक्टर सेट्स, त्यात वेस्टर्न युरोपियन, त्यात ओईएम-यूएस. तेच ४३७. पण इथे एक खड्डा आहे. आधीच लिहिलेल्या फाइलवर हे निवडलंत तर तो अक्षरं बदलत नाही, त्याच बाइटकडे ४३७ च्या चष्म्यातून पाहायला लागतो. मग तिथेही ├╗ दिसतं. म्हणून सगळा मजकूर कॉपी करा, नवी कोरी फाइल उघडा, तिला आधी ओईएम-यूएस करा आणि मग पेस्ट करा.

व्हीएस कोडमध्ये सोपं आहे. खालच्या पट्टीवर एन्कोडिंगवर टिचकी मारा, "सेव्ह विथ एन्कोडिंग" घ्या आणि यादीतून सीपी ४३७ निवडा. तिथे बाइट खरोखर बदलतात.

लिनक्सवर एन्कोडिंग बदलणारी आयकॉनव्ह ही आज्ञा आहे, यूटीएफ-८ मधून सीपी४३७ मध्ये. एका ओळीचं काम.

जमलं की नाही हे पाहायची माझी युक्ती: फाइलमध्ये फक्त ते नाव लिहून सेव्ह करा आणि फाइलचा आकार बघा. शेकरू रोमनमध्ये सहा अक्षरी होतं. सहा बाइट दिसले तर यूटीएफ-८ नाही हे नक्की. सात दिसले तर अजून यूटीएफ-८ आहे. मात्र एएनएसआयमध्येही सहाच दिसतील, तेव्हा वर्गमूळवाल्या शक्यतेकडे लक्ष ठेवा.

निशिगंध

मी जर्मनीत आहे. अगदी हेच भोगलंय, त्यात आणखी एक पदर. पलंगाचं चिन्ह, गोलात आडवी रेघ असलेलं थीटा, क्रमांक २३३. ते मला एका खुणेसाठी हवं होतं. आल्ट २३३ टाकलं तर इथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा यू उमटला. दोन दिवस कीबोर्डला दोष देत बसले होते.

कारण इथल्या विंडोजला आल्ट कोडसाठी ४३७ नव्हे, ८५० लागू होतं. त्यात बऱ्याच युरोपीय अक्षरांना जागा हवी म्हणून काही रेघांच्या चौकटी आणि ग्रीक अक्षरं काढून टाकलीत. त्यामुळे परदेशातल्या कुणी हा धागा वाचत असेल तर आल्ट कोडवर विसंबू नका. तळघर म्हणतात तेच खरं, टाइलला आकडा.

अनुस्वार

छान सांगितलंत. आकड्याआधी शून्य लावलं तर तिसरंच काही होतं हेही लक्षात असू द्या. आल्ट ०२५१ म्हणजे विंडोज १२५२ मधला २५१, म्हणजे टोपीवाला यू. आल्ट २५१ म्हणजे ४३७ मधला, म्हणजे √.

जुना_टंकलेखक

हा धागा वाचताना मला थेट अप्पा बळवंत चौक आठवला.

१९९६ ते २००४ मी पुस्तकांची अक्षरजुळणी करत होतो. तेव्हा युनिकोड कुणाला ठाऊक नव्हतं. श्रीलिपी, आयएसएम, ज्याचं त्याचं सॉफ्टवेअर आणि ज्याचे त्याचे फॉन्ट. मराठी मजकूर म्हणून फाइलमध्ये जे असायचं ते खरं तर इंग्रजी अक्षरांचे आकडेच. फॉन्ट लावला की त्या आकड्यांवर मराठी वळणं उमटायची.

एकदा दिवाळी अंकाची ८० पानं फ्लॉपीवर घेऊन एका छापखान्यात गेलो. त्यांच्याकडे तो फॉन्ट नव्हता. फाइल उघडली आणि समोर सगळं इंग्रजी अक्षरांचं आणि स्वल्पविरामांचं जंगल. छापखान्याचे मालक म्हणाले, "अहो, हे काय आणलंत?" मी घरी येऊन फॉन्टची दुसरी फ्लॉपी घेऊन परत गेलो. तरी तीन जोडाक्षरं फुटलीच, कारण त्यांच्याकडे त्याच फॉन्टची जुनी आवृत्ती होती आणि तिच्यात ते खाने वेगळ्या वळणांना दिलेले होते. अंकात एका कवीच्या नावातलं क्ष तसंच छापलं गेलं. त्यांना फोन करून सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

तेव्हा सोनकी, नावातला रू दीर्घच हवा हा तुमचा आग्रह मला कळतो. सोडू नका.

पाटी_पेन्सिल

काका, फार आतून लिहिलंत.

मध्यरात्र

एक वेडी कल्पना. खेळाचा टाइलसेट, म्हणजे सगळ्या चिन्हांचा तक्ता, शेवटी एक पीएनजी चित्रच ना? सोळा बाय सोळा खाने. मग त्या खान्यांत देवनागरी अक्षरं रंगवली तर? रोमनची गरजच नाही!

तळघर

चित्राबद्दल बरोबर आहे. मूळ टाइलसेट ८० बाय २५ खान्यांच्या, ६४० बाय ३०० पिक्सेलच्या पडद्यासाठी आहे. म्हणजे एक अक्षर ८ रुंद आणि १२ उंच. खाना शोधायचा तर आकड्याला १६ ने भागा. २४४ म्हणजे १५ गुणिले १६ अधिक ४, शून्यापासून मोजत पंधरावी ओळ आणि चौथा रकाना.

पण एक खाना अनेक जागी वापरलेला असतो. मोठ्या ओ चं उदाहरण घ्या. गुळगुळीत केलेल्या खांबालाही खेळ तेच चिन्ह देतो. लोकांनी ओ च्या खान्यात दगडी खांब रंगवला आणि मग प्रत्येक वाक्यातल्या ओ च्या जागी खांब उभे राहिले! खांबासाठी डी_इनिट या सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळा आकडा देता येतो, पण सगळ्याच गोष्टींना अशी सोय नाही.

अनुस्वार

देवनागरीची अडचण त्याहून खोल आहे. आपल्या अक्षरांना शेजार लागतो. "कि" मध्ये वेलांटी क च्या आधी दिसते पण फाइलमध्ये साठवली नंतर जाते. "क्र"मध्ये दोन व्यंजनं मिळून तिसराच आकार होतो. हा खेळ एक बाइट उचलतो, एक खाना छापतो आणि पुढे सरकतो. शेजारी कोण आहे हे तो पाहतच नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य पट्ट्यात २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक आहेत. म चा २३५०. तो २५५ च्या पलीकडे असल्यामुळे एका बाइटमध्ये मावतच नाही. यूटीएफ-८ मध्ये एका म चे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. "मराठी" हा शब्द फाइलमध्ये सरळ टाकलात तर पाच संकेत, पंधरा बाइट आणि पडद्यावर पंधरा असंबद्ध चिन्हं.

जुना_टंकलेखक

आठ बिटांत देवनागरी बसवून दाखवली होती बरं का. इस्की, १९९१ चं भारतीय मानक. खालचे १२८ इंग्रजीचे तसेच ठेवले आणि वरच्या १२८ मध्ये आपली अक्षरं. पण तिथेही जोडाक्षर जुळवायला सॉफ्टवेअर लागायचंच. नुसत्या खान्यांनी भागत नाही, हे अनुस्वार म्हणतात ते खरं.

मध्यरात्र

मान्य. पण एखादं सुटं अक्षर तर चालेल? समजा खेळात कुठेच न वापरलेला एखादा खाना निवडला, त्यात ८ बाय १२ मध्ये "ग" रंगवला आणि गव्याला तो आकडा दिला.

तळघर

ते चालेल. अगदी छान चालेल. पार्श्वभूमी पूर्ण जांभळट गुलाबी ठेवा, म्हणजे लाल २५५, हिरवा ०, निळा २५५. तो रंग खेळ पारदर्शक धरतो. मात्र मॉड घेणाऱ्यालाही तुमचा टाइलसेट घ्यावा लागेल, नाहीतर त्याच्याकडे ग च्या जागी मूळ चिन्ह दिसेल.

जुना_टंकलेखक

माझ्या छापखान्यासारखं!

ओसरी

नमस्कार, नवीन सदस्य. धागा वाचून मीही करून पाहिलं. क्रीचर टाइलमध्ये २४४ दिलं तरी शेपटी येत नाही. एररलॉग फाइलमध्ये (खेळ चुका नोंदवतो तिथे) काहीतरी विचित्र चिन्हं येतात.

अनुस्वार

@ओसरी, २४४ इथून कॉपी केलंत का?

ओसरी

हो.

अनुस्वार

मग ते देवनागरी आकडे आहेत. खेळाला ते आकडे वाटत नाहीत, प्रत्येकाचे तीन असे नऊ बाइट दिसतात. कीबोर्ड इंग्रजीवर घ्या आणि आकडे रोमन टंका. वर्डमधून कॉपी करणाऱ्यांनी अवतरणही तपासा. वर्ड सरळ अवतरणाचं वाकडं करतो आणि तेही तीन बाइटचं असतं.

ओसरी

आलं!! ⌠ फिरतंय! धन्यवाद.

सोनकी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. काल रात्री बसले होते.

व्हीएस कोडमध्ये सीपी ४३७ करून सेव्ह केलं. आकार तपासला, सहा बाइट. टाइलला २४४. खेळ उघडला, तर पुन्हा तेच वर्गमूळ आणि तेच प्रश्नचिन्ह! पुन्हा सेव्ह, पुन्हा तेच. रात्री एक वाजला.

तळघर

सोनकी, जुनंच जग उघडत आहात का? ०.४७ मध्ये जग तयार होताना रॉ फाइलींची (प्राणी, वस्तू वगैरेंची वर्णनं असलेल्या फाइलींची) एक प्रत त्या जगाच्या सेव्हमध्ये जाते. तुम्ही रॉ फोल्डरमधली फाइल सुधारलीत, पण खेळ वाचतो आहे ती डेटा फोल्डरमध्ये सेव्हच्या आत, रीजन१ मधली प्रत. ती बदला किंवा नवं जग करा. यापुढे प्राणी वाढवायचे असतील तर नवं जगच करा.

सोनकी

तळघर, तेच होतं! मी दोन दिवस चुकीची प्रत सुधारत होते. नवं जग केलं. पहिल्याच वसंतात उत्तरेच्या झाडीत तपकिरी ⌠ दिसलं. के दाबून कर्सर नेला आणि खाली नाव आलं, टोपीवाल्या यूसकट. शेकरू. दीर्घ.

आता एकच उरलं. आ आणि ई साठी डोक्यावर आडवी रेघ असलेली रोमन अक्षरं मला ४३७ मध्ये सापडत नाहीत.

अनुस्वार

नाहीतच. आडव्या रेघेची एकही जोडी त्यात नाही. पण टोपी सगळ्या स्वरांना आहे: ए १३१, आय १४०, यू १५०, ई १३६, ओ १४७. तुम्ही रू ला टोपी दिलीच आहे, तर तीच खूण सगळीकडे ठेवा. ञ साठी लाटवाला एन १६४ वर आहे. ट, ठ, ड, ण च्या खालच्या टिंबांना मात्र जागा नाही.

सोनकी

टोपीच ठेवते मग. खवल्या मांजराला दोन लागतील, ल्या आणि मां साठी.

रानवाट

उदमांजराला किती?

सोनकी

एकच, मां ला. उद्या रात्रीपर्यंत नऊही प्राण्यांची फाइल इथे टाकते, ४३७ मध्येच सेव्ह केलेली. उतरवून घ्या, पण नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका.